मचाणावर चढायच्या आधी दोर बांधा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहतो, पेपर रोज मोबाईलवर वाचतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना मचाणावर बसवून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतं, त्या निसर्गानुभवाचा तुमच्याकडे आलेला फोटो बघितला, पाणवठ्याशेजारी मचाण, वर दोन पोरं पाय खाली सोडून बसलेली आणि कमरेला साधी दोरी पण नाही. पोटात गोळाच आला, म्हणून लिहितोय.

इकडे नोव्हेंबरमध्ये हरणं माजावर येतात. एरवी अंधार पडल्याशिवाय बाहेर न येणारा मोठा शिंगांचा नर त्या दिवसांत मादीच्या मागे भर दुपारी पळताना दिसतो, आणि लायसनवाले शिकारी त्याच दोन आठवड्यांसाठी वर्षभर सुट्ट्या साठवून ठेवतात. झाडावर १५-२० फुटांवर लोखंडी सीट बांधतात, ट्री स्टँड, म्हणजे आपलं एका माणसापुरतं मचाणच. मला हे सगळं शेजारच्या काकांनी शिकवलं. नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं शोधायची, खुरांनी उकरलेली माती बघायची, वारा हरणाकडून आपल्याकडे आला पाहिजे, झाड जिवंत आणि सरळ पाहिजे. अ‍ॅशचं तर नकोच, किडीने इकडची अ‍ॅशची झाडं उभी वाळलीत, कधी मोडतील नेम नाही.

आणि हेच काका मागच्या नोव्हेंबरात पडले. स्टँड वर्षभर झाडावरच राहिला होता, उन्हाने तो झाडाला बांधायचा पट्टा कुजलेला, त्यात झाडाचा घेर वाढतो तसा पट्टा अजून ताणला जातो. पहाटेची वेळ, पायऱ्यांवर दहिवर गोठलेलं, त्यांनी शिडीवरून सीटवर पाय टाकला आणि पट्टा तुटला. मी धावत गेलो तर हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगभर पट्ट्यांचा साज, अंगात होता हो! हुक छातीवर तसाच लोंबत होता, वर पोचल्यावर अडकवणार होते. मणक्याचं ऑपरेशन झालं, अजून काठी घेऊन चालतात.

बहुतेक वेळा घात होतो तो चढता-उतरतानाच. म्हणून सीटच्या वरपासून बुंध्यापर्यंत एक दोर बांधतात, त्यावर सरकणारी गाठ असते, जमिनीवर उभं असतानाच हार्नेस तिला अडकवायचा आणि गाठ सोबत वर सरकवत न्यायची, पाय सुटला की गाठ आवळते आणि माणूस लटकून राहतो. नुसता कमरपट्टा चालत नाही, त्याने श्वास कोंडतो. बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढून घ्यायची, सामान हातात धरून चढायचं नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहू दे. पण मचाणं तर आहेतच ना, गणनेची आहेत, डुकरांपासून पीक राखायला शेतकरी रात्र रात्र बसतात ती आहेत. निदान वनखात्याने तरी पुढच्या बुद्ध पौर्णिमेआधी प्रत्येक मचाणाच्या बल्ल्या आणि बांधणी हलवून बघावी आणि चढणाऱ्या प्रत्येकाला खालीच हार्नेस घालून तो दोराला अडकवावा. बिल्डिंगच्या साइटवर कामगार घालतात तोच चालतो, फुल बॉडी म्हणून मागितला की मिळतो.

— आपला एक वाचक, विस्कॉन्सिन