वजन घटवा, पण स्नायू राखून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून घरी आलेल्या बाईला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, वजन कमी करा. दुसरा, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने काही उचलू नका. पहिला अर्धवट आहे आणि दुसरा कालबाह्य. दोन्ही निमूटपणे पाळले की जेवण घटते, हालचालही घटते, काटा दोन-तीन किलो खाली येतो, आणि गेलेल्या वजनात बराच भाग स्नायूंचा असू शकतो.

केमोच्या काळात वजन वाढते त्याला खादाडपणा हे कारण नाही. मळमळ रोखण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने भूक वाढते आणि अंगात पाणी साठते. थकव्यामुळे चालणे-फिरणे थांबते. पाळी वेळेआधी बंद झाली तर चरबी पोटाभोवती जमू लागते. त्याच वेळी स्टेरॉइड आणि अंथरूण मिळून मांड्यांचे, दंडांचे स्नायू झिजवत असतात. उपचारांआधी 62 किलो आणि नंतरही 62 किलो, म्हणजे काही बिघडले नाही असे काटा सांगतो. खुर्ची खरे सांगते. हात छातीशी दुमडून, टेकू न घेता, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सोबत कमरेचा घेर टेपने घ्यावा. दोन महिन्यांनी उठण्याचा आकडा वाढला आणि घेर उतरला, तर काटा जागचा हलला नसला तरी चालेल.

चालण्याबद्दलही गैरसमज आहे. अर्धा तास भरभर चालल्याने साधारण 120 ते 150 कॅलरी खर्च होतात. किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस चालून, खाण्यात काही न बदलता, एक किलो जायला अडीच-तीन महिने लागणार. थकवा, झोप, हृदय यांसाठी चालणे उत्तमच, पण वजन मुख्यतः ताटातूनच उतरते. तेही आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त वेगाने नको, आणि प्रथिने न कापता. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने धरावीत.

आता हाताचे. काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यावर हात सुजू शकतो, त्याला लिम्फेडेमा म्हणतात. त्या भीतीने हात वर्षानुवर्षे जपला जातो, तो कमजोर होतो आणि मग एखादी साधी पिशवीही त्याला भारी पडते. आधीपासून सूज असलेल्या 141 स्त्रियांवर अमेरिकेत झालेली चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. वर्षभर आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजने उचलणाऱ्यांपैकी 14 टक्के स्त्रियांची सूज बळावली; न उचलणाऱ्यांत हेच प्रमाण 29 टक्के होते. मात्र त्यांची सुरुवात प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाली होती आणि हातावर दाब देणारी बाही होती. ही अट विसरून फक्त ‘वजने उचला’ एवढेच सांगणे धोक्याचे. व्यायामाने असलेली सूज निघूनच जाते, अशी आशाही दाखवू नये.

पद्धत अशी. ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी, असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. तो निघाल्यावर बोटांनी भिंतीवर चढत जाण्याचा व्यायाम करावा. जखम भरून खांदा मोकळा झाला की सर्जनच्या परवानगीने वजने सुरू करावीत. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो, सुरुवातीला पुरेशी. पाय, पाठ, छाती, खांदे, दंड असे सहा ते आठ व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. श्वास रोखायचा नाही आणि बाटली आवळून धरायची नाही. सलग दोन वेळा हात जड वाटला नाही, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतला नाही, तरच पुढची पायरी, तीही सर्वांत लहान. गडबड होते ती इथेच. महिनाभरात उत्साह येतो आणि एक किलोवरून थेट तीनवर उडी पडते. दुसरी चूक खंड पडल्यावरची: आठवडाभर व्यायाम चुकला तर आधीचेच वजन पुन्हा उचलायचे नसते, ते कमी करून वर यायचे असते.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या अनेकींचे सांधे आखडतात आणि त्या व्यायाम सोडतात. वास्तविक त्या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो, आणि या गोळ्यांनी हाडे विरळ होत असल्याने त्यांना वजनांची गरज जास्तच असते. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपाय बधिर झाले असतील तर ट्रेडमिलऐवजी स्थिर सायकल बरी. ट्रास्टुझुमॅब किंवा डॉक्सोरुबिसिन ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे घेतलेल्यांनी दम लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आजार हाडांत पोचला असेल तर कंबर पिळण्याचे, वाकून उचलण्याचे व्यायाम वर्ज्य. हात लाल, गरम होऊन ताप आला, किंवा टॅमॉक्सिफेन (रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवणारी हॉर्मोनविरोधी गोळी) चालू असताना एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रुग्णालयांना एक विनंती. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांचे घेर मनगटाशी, कोपराच्या 10 सेंटिमीटर खाली आणि 10 सेंटिमीटर वर मोजून केसपेपरवर लिहावेत. ज्या हाताने आपण काम करतो तो मुळातच किंचित जाड असतो. पहिली नोंद नसेल तर सहा महिन्यांनी दिसणारा एक सेंटिमीटरचा फरक नवा की जुना, हे कुणालाच सांगता येत नाही.

– कर्करोग पुनर्वसन क्षेत्रातील फिजिओथेरपिस्ट