तळघरातलं तांबडं चाक

॥ श्री ॥

ता. रावेर, जि. जळगाव
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. सौ. वैशालीस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. तुझी माय दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "पोरगी हौसेनं घर दाखवत होती आणि तुम्ही नळाच्या मागे लागलात," एवढंच म्हणाली. काल रात्री अंगणात दूध आटवलं, तेव्हा तुझ्या नावाची वाटी तिनं बाजूला काढली आणि सकाळी गोटूला दिली. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आवाज चढतो. म्हणून लिहितोय. गोटू याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे, पण लिहिलं आहे पत्र म्हणूनच. सावकाश वाच.

"अप्पा, तुम्हाला केळी कळते, इथली थंडी नाही," असं तू म्हणालीस. ते खरंच आहे. आपल्याकडे पारा सहा-सातवर आला की केळीवर चरका दिसतो आणि सगळं गाव हवालदिल होतं. तुमच्या मिनियापोलिसला २०१९ च्या जानेवारीत उणे ३३ झालं होतं म्हणे. पाणी गोठून पाइप फुटतो ही गोष्ट इथे कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून दोन रात्री गोटूला शेजारी बसवलं, तिथल्या प्लंबर लोकांचे व्हिडिओ पाहिले, तो अर्थ सांगत गेला आणि मी वहीत उतरवत गेलो.

मला वाटायचं, जिथे बर्फ होतो तिथेच पाइप फाटतो. नेहमी तसं नसतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचं बूच बसलं की ते वाढत जातं आणि पुढचं पाणी नळाकडे रेटतं. नळ बंद, मागे बर्फ, मध्ये पाणी कोंडलेलं. मग जिथे सांधा कच्चा तिथे तो सुटतो, ती जागा उबेतली असली तरी. हे ऐकलं आणि मला लगेच उमगलं. ठिबकचे सगळे वॉल बंद ठेवून कुणी मोटार चालू केली की काय होतं, ते मी तीस वर्षं बघतोय. कडाक्याच्या रात्री नळ बारीक सोडून ठेवतात तो यासाठी. वाहतं पाणी लवकर गोठत नाही हे आहेच, पण दाबाला वाट राहते ही त्यातली मोठी गोष्ट.

तुझ्या स्वयंपाकघराचं सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे, ते मी मोबाईलवर पाहिलं. थंडी वाढली की रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवत जा, खोलीतली ऊब पाइपापर्यंत जाऊ दे. आत साबणाच्या बाटल्या असतील तर आधी वर उचल, बाळी आता रांगते. अंगणातल्या नळाला झाडांची हिरवी नळी अजून लावलेलीच दिसली. ती आजच काढ. नळीत पाणी अडकलं की ते नळातच राहतं आणि तिथून भिंतीच्या आतला पाइप फुटतो. वसंतात नळ सोडेपर्यंत कळतही नाही. त्या नळाचा एक कॉक घराच्या आतून असतो, तो बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवायचा, म्हणजे उरलंसुरलं पाणी गळून जातं.

इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोग करून एक आकडा काढला आहे. बाहेर २० फॅरनहाइट झालं, म्हणजे आपले उणे ७, की ऊब नसलेल्या जागेतला उघडा पाइप धोक्यात येतो. आणि वारा लागला तर आणखी लवकर. तळघराच्या भिंतीतून टीव्हीची वायर जिथे आत येते तिथे बोटभर फट आहे, तू मोबाईल फिरवलास तेव्हा उजेड दिसला. ती बुजवून घे. वारा अडवायला बागेच्या कडेनं आपण शेवरी लावतो ना? थंडी सगळ्या रानात सारखीच असते, पण पहिल्या ओळीला वारा झोंबतो आणि आधी ती ओळ जाते. गॅरेजकडच्या पाइपाला फोमचं आवरण मिळतं, चिरलेल्या नळीसारखं, वरून चढवायचं. महाग नाही.

आता मेन कॉक, सगळ्या घराचं पाणी बंद करणारा. रविवारी मी तीनदा विचारलं. या पत्रात एकदाच विचारीन असं तुझ्या मायला कबूल केलं आहे. तळघरात मीटरजवळ तांबडं गोल चाक आहे, त्यावर कुणीतरी भिंतीचा रंग फासलेला आहे. ते फिरतं का?

घर १९२६ चं आहे असं तू म्हणालीस. रंग बघून वाटतं, त्या चाकाला कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही.

असो. लग्नाला तुम्ही तिघं वीस दिवस येणार, तेव्हा घर रिकामं. गॅसचं बिल वाचवायला हीटिंग बंद करून यायचं तुझ्या मनात आहे. पोरी, ते करू नकोस. १३ अंशांच्या, तिथल्या ५५ च्या खाली घर जाऊ द्यायचं नाही असं सगळेच सांगतात. आणि तुमच्याकडे तर गरम पाण्याचे रेडिएटर आहेत. ते पाणी नळाच्या पाण्यापासून वेगळं फिरतं. मेन बंद करून नळ रिकामे केले तरी रेडिएटरमधलं पाणी जागेवरच राहतं, आणि हीटिंग बंद म्हणजे ते गोठणार. बॉयलरला पाणी भरणारी नळी मेनवरूनच येते, तेव्हा मेन बंद करायच्या आधी बॉयलरवाल्याला एकदा विचारून घे. तो हो म्हणाला की मेन बंद, मग वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत सगळे नळ उघडायचे, फ्लश ओढायचा, पाणी उतरू द्यायचं. गीझर कमीवर. किल्ली समोरच्या आजींकडे, ज्यांनी तुम्हाला बर्फाचं फावडं दिलं. दोन-तीन दिवसांनी एक चक्कर मारतील. त्यांनाही मेन कॉक दाखवून ठेव. विम्याचा कागदही वाच. रिकाम्या घरात ऊब राखली नाही तर भरपाई अडते, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. जवाईबापूंना वाचायला सांग, ते कागद नीट वाचतात.

आणि पाइप गोठलाच, फुटला नाही, तर नळ उघडा ठेवून केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यायची, नळाकडून सुरुवात करून मागे मागे सरकत. ज्वाला लावायची नाही. आपण शेतात पाइप जोडताना कचरा पेटवून तोंड गरम करतो, ते तू लहानपणापासून बघितलंस म्हणून मुद्दाम सांगतो. लाकडाचं घर आहे ते.

हे सगळं मास्तरासारखं झालं. तू इंजिनियर, तुला पाण्याचा दाब मी शिकवावा असं काही नाही. माफ कर. तुझं घर तू घेतलंस, तुझ्या नावावर. आपल्या भाऊबंदांत मुलीच्या नावावर घर झालेलं हे पहिलं. मी गावात सगळ्यांना सांगितलं. सोसायटीत सांगितलं, केळी भरायला आलेल्या ट्रकवाल्यालाही सांगितलं. तुला मात्र फोनवर शाबास म्हणायचं राहिलं आणि नळ काढून बसलो.

पण गेल्या जानेवारीचं माझ्या मनातून जात नाही. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी आलं, जवाईबापू टूरवर, तुला सातवा महिना. कॉक कुठे ते तुला माहीत नव्हतं आणि घरमालक फोन उचलत नव्हता. तू रात्रभर बादल्या उपसल्यास. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तेही तू हसत हसत सांगितलंस. तुझी माय देवघरासमोर जाऊन बसली. मी मळ्यात गेलो आणि उगाच ठिबकच्या नळ्या गुंडाळत राहिलो. आम्हाला काळजी नको म्हणून तू सांगत नाहीस, हे समजतं. पण तू सांगत नाहीस हे कळल्यापासून तू "सगळं ठीक" म्हणालीस तरी मला झोप लागत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या मायलाही नाही.

तू चौथीत होतीस. पौषातली थंडी, लाईट रात्री अकराला यायची. विहिरीचं पाणी कोमट असतं, रात्री दिलं की बाग तगते, म्हणून सगळेच रात्री पाणी भरायचे. तू हट्टानं माझ्याबरोबर आलीस, बॅटरी धरायला. मोठ्या मायच्या धाब्याच्या घरामागून लाईन जायची, तिथला सांधा सुटला. तुला आठवत असेल, पुरुषभर उंच फवारा उडाला आणि थेट मागच्या भिंतीवर पडायला लागला. मी कोपऱ्यातल्या वॉलला पाना लावला आणि त्याचा दांडा माझ्या हातात तुटून आला. मी तिथेच, त्या पाण्यात, तुटलेल्या वॉलशी झटत राहिलो. तुला काहीच सांगितलं नाही. तू आपणहून पळालीस. विहीर पार नाल्याकाठी, अंधार, चप्पल माझ्याजवळ पडलेली. थोड्या वेळानं फवारा बसला तेव्हा मला कळलं की तू विहिरीवरचा स्टार्टर पाडून मोटार बंद केलीस.

भिंत मातीची. पहाटे बसली. मोठी माय अंथरुणाला ओल लागली म्हणून आधीच ओसरीवर येऊन बसली होती, म्हणून वाचली. धुळीतून मी तिच्याकडे धावलो तर तिनं पहिलं विचारलं, "पोर कोठी?" तू बांधावर बसून पायातला बाभळीचा काटा काढत होतीस. तो पाय पिकला, आणि तशीच लंगडत तू रावेरला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गेलीस आणि पास झालीस.

सगळ्यांना मी सांगितलं की पाइप खराब निघाला. पाइप देणाऱ्याला चार गावांत नावं ठेवली. खरं असं की तो वॉल पोळ्यापासून घट्ट झाला होता. मला माहीत होतं. तेल सोडू, पाना लावून मोकळा करू म्हणत दसरा गेला, दिवाळी गेली. सांधा कुणाचाही सुटतो. वॉल फिरला असता तर पाणी दोन मिनिटांत थांबलं असतं, आणि माझी दहा वर्षांची पोर काट्यांतून अनवाणी पळाली नसती. मोठी माय त्यानंतर त्या घरात राहिली नाही. तिला ते घर सुटल्याचं दुःख शेवटपर्यंत होतं. मी तिलाही सांगितलं नाही.

म्हणून ते रंगानं माखलेलं चाक दिसलं आणि माझा आवाज चढला. तुझ्यावर नव्हता चढला.

ऐक. दिवसाउजेडी, जवाईबापू घरी असताना, ते चाक हातानं फिरवून बघ. पाना लावून जोर करायचा नाही, जुन्या वॉलचा दांडा तुटतो हे मी पाहिलेलं आहे. हातानं नाही फिरलं तर सोडून दे आणि प्लंबरला बोलाव. तो ते काढून दांडीचा कॉक बसवेल, पाव फेऱ्यात बंद होणारा. त्यासाठी नगरपालिकेला बाहेरून पाणी बंद करावं लागतं, तो बघून घेईल. आत्ता कर, बर्फ पडायच्या आधी. पैशांचा विचार करू नकोस. केळीच्या कांदेबागाची लागवड चालू आहे, पण मृगबागाचा, मृगात लावलेल्या केळीचा, भाव बरा निघेल असं दिसतं. तुला पाठवायची गरज नाही हे मला कळतं, तरी म्हणून ठेवतो.

तुझी माय विचारते की बाळीला कळण्याची भाकरी चालेल का, दुधात कुस्करून. डिसेंबरात तुम्ही आलात की मळ्यातच भरीत करू, कपाशीच्या काड्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. बाळीला पहाटे बाहेर काढू नकोस एवढंच, सातपुड्याकडून वारा येतो. तू म्हणशील, तिथल्या उणे वीसात राहणारी पोर. तरीही.

चाक फिरलं तर "फिरलं" एवढंच लिहून पाठव. नाही फिरलं तरी लिही. रात्रीचे दोन असोत, मी जागा असतो.

तुझे
अप्पा

ता. क. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवलं की बंद होतं. परत उघडशील तेव्हा पूर्ण उघडून पाव फेरा मागे आण, म्हणजे तिथेच घट्ट होऊन बसत नाही.