आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पंप देण्याआधी श्वास मोजा

मा. आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

दम लागतो म्हणून माणूस दवाखान्यात येतो, छातीला स्टेथोस्कोप लागतो आणि त्याच्या हातात पंप पडतो. श्वास मात्र कुणी मोजत नाही. रक्तदाब न मोजता त्याची गोळी सुरू केली तर आपण डॉक्टरला जाब विचारू. फुप्फुसांच्या बाबतीत हेच सर्रास चालते. सीओपीडीने, म्हणजे श्वासाची वाट कायमची अडवणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, 2021 साली जगात सुमारे 35 लाख माणसे गेली, तरीही चालते.

धाप वरून सारखीच दिसते, आतला बिघाड वेगळा असतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते आणि भोवतीचे स्नायू आवळतात. त्रास येतो-जातो, रात्री-पहाटे वाढतो आणि औषधाने नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात. सीओपीडीत तंबाखूच्या, चुलीच्या किंवा कामाच्या जागच्या धूर-धुळीने वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती वर्षानुवर्षे झिजतात. याच भिंती बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या धरतात. त्या झिजल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात, हवा आत अडकते आणि पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर चढतो. छाती फुगलेलीच राहते. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा घुमटासारखा स्नायू, श्वासपटल, सपाट होते आणि त्याला खाली जायला जागा उरत नाही. रुग्ण सांगतो, ‘श्वास आत जात नाही’, पण अडते ते बाहेर सोडताना. म्हणून तर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले की जिना चढताना त्याला उसंत मिळते.

फुप्फुसाला वण पडून ते ताठर होते, तेव्हा सगळे उलटे. हवा आत मावतच नाही, नळ्या मात्र मोकळ्या असतात, त्यामुळे पंपाचा उपयोग होत नाही. कोरडा खोकला, पाठीवर खालच्या बाजूला वेल्क्रो उकलल्यासारखा आवाज, बसून ठीक असलेला आणि चालल्यावर घसरणारा रक्तातला ऑक्सिजन, या त्याच्या खुणा. अशा रुग्णाची वर्षे ‘दमा’ म्हणून वाया जातात. श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णाचा रोजचा बेडका निघणे हाच मुख्य उपचार. तोही याच पंपावर लोटला जातो.

हा फरक पहिल्यांदा दाखवते ती स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी. यंत्र लहान आहे. कसब आहे ते रुग्णाकडून फुंकर नीट मारून घेण्यात. नाकाला चिमटा, छाती काठोकाठ भरलेली, ओठ नळीभोवती घट्ट. मग एका झटक्यात सोडायचे आणि आलेख सपाट होईपर्यंत सोडत राहायचे, बहुतेकदा 6 सेकंद किंवा त्याहून जास्त. सुरुवात ढिली झाली किंवा पहिल्याच सेकंदात खोकला आला तर ती फुंकर बाद. चांगल्या 3 फुंकरी हव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन 150 मिलिलिटरच्या फरकात बसायला हव्यात. नंतर स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) साल्ब्युटामॉल हे नळ्या मोकळ्या करणारे औषध 400 मायक्रोग्रॅम देऊन 15 मिनिटांनी पुन्हा. तरीही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली तर अडथळा न सुटणारा आहे. प्रमाण चांगले पण एकूण हवाच कमी, तर ताठरपणाचा संशय घेऊन पुढे पाठवा.

यंत्र रोज 3 लिटरच्या सिरिंजने पडताळावे लागते. शिकलेला तंत्रज्ञ, फिल्टर आणि तोंडात धरायच्या नळ्या यांची तरतूद नसेल तर यंत्र कपाटातच राहणार. आमची विनंती आधी तंत्रज्ञाच्या पदासाठी आहे, यंत्राच्या निविदेसाठी नंतर.

पंपाचेही तसेच. फवारा दाबला आणि तोंडाच्या कडेने पांढरा धूर निसटला, की औषध तिथेच वाया गेले. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचा, आणि 10 सेकंद रोखायचा. पुडीचा पंप नेमका याच्या विरुद्ध: तिथे जोरात, झपकन ओढायचे, आणि त्यात चुकूनही फुंकायचे नाही, ओल लागून पूड गोळा होते. एकाच रुग्णाला दोन्ही प्रकार देऊन काहीच न शिकवल्याने होणारा घोळ रोजचा आहे. प्रत्येक फवाऱ्यासोबत स्पेसर द्या. तो साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवायचा असतो. पुसला की प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटते. दर भेटीला परिचारिकेने रुग्णाला पंप ओढून दाखवायला सांगावे. दोन मिनिटे लागतात.

औषधांच्या यादीत एक बदल तातडीचा आहे. दम्यासाठी नुसता साल्ब्युटामॉलचा पंप देऊ नये, हे 2019 पासून जागतिक मार्गदर्शनात स्पष्ट आहे. तो आवळलेले स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते, आणि रुग्णाला बरे वाटत असतानाच मोठा झटका येतो. बुडेसोनाइड (सूज उतरवणारे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (स्नायू सैल करणारे औषध) एकत्र असलेला पंप खालच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवा, आणि स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकण्याची सूचना खोक्यावर रुग्णाच्या भाषेत हवी.

शेवटी ऑक्सिजन. सीओपीडीचा झटका आलेल्या रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून तो गुंगीत जाऊ शकतो. रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्के, हे त्याचे लक्ष्य. हे दोन आकडे प्रत्येक रुग्णवाहिकेत सिलिंडरशेजारी चिकटवण्याचा आदेश आपण याच आठवड्यात काढू शकता.

आपले,
श्वसनविकारांवर काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ