एटीएफचे अधिकार आणि कायद्यातले शब्द

एडिसन, न्यू जर्सी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, अमेरिकेतल्या बंदूक नियमांचा विषय घेतलास, हे दादाकडून कळलं. सुरुवातीलाच एक सांगते. कारगिल आणि व्हॅनडरस्टॉक हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे तुझे दोन मुख्य निकाल शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्कावरचे नाहीत. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायद्यात लिहिलेल्या व्याख्येत एटीएफ या शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचा नियम बसतो का, एवढाच प्रश्न दोन्हींत होता. युक्तिवादात तो हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आणलीस तर न्यायाधीश तिथेच अडवतील.

आधी कारगिल. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. हल्लेखोराच्या बंदुकांना बंप स्टॉक लावलेले होते. हा नेहमीच्या दस्त्याच्या जागी बसणारा भाग. त्यात बंदूक मागेपुढे सरकते, त्यामुळे बोट जागेवर ठेवलं तरी ट्रिगर धक्क्याने सुटतो आणि पुन्हा बोटावर येऊन आदळतो. त्याआधी एटीएफनेच दहाहून जास्त वेळा लेखी कळवलं होतं की स्प्रिंग नसलेला बंप स्टॉक मशीनगन ठरत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये खात्याने भूमिका फिरवली आणि सगळे बंप स्टॉक मशीनगन ठरवले. मार्च २०१९ पर्यंत ते नष्ट करा किंवा जमा करा, नाहीतर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास. खात्याच्याच अंदाजाप्रमाणे लोकांकडे असे ५,२०,००० पर्यंत नग असू शकत होते. कायद्याचा एक शब्दही न बदलता इतके लोक गुन्हेगार ठरणार होते. वादाचं मूळ हे आहे.

१९३४ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे, ट्रिगरच्या एकाच क्रियेने आपोआप एकाहून जास्त गोळ्या सुटतात ती मशीनगन. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६-३ असा, खात्याच्या नियमाविरुद्ध निकाल दिला. न्या. थॉमस यांनी निकालपत्रात ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्याच छापल्या आहेत. त्या समोर ठेवूनच वाच. प्रत्येक गोळीआधी ट्रिगर सुटून पुन्हा दाबला जातो, म्हणजे क्रिया दर वेळी नवी, असं त्यांचं म्हणणं. न्या. सोटोमायोर यांच्या भिन्नमतानुसार, माणूस एकदाच बोट ठेवून पुढे रेटत राहतो, मग क्रिया एकच. न्या. अलिटो यांनी वेगळ्या छोट्या मतात लिहिलं की उपाय साधा आहे, काँग्रेसने कायदा बदलावा. मला स्वतःला थॉमस यांचं वाचन पटतं. म्हणूनच लास व्हेगासनंतर काँग्रेसने ही व्याख्या सुधारली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक चूक बहुतेक मेमोरियलमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या लेखी युक्तिवादांत, दिसते: शेव्हरॉन सिद्धांत गेला म्हणून कारगिलचा निकाल असा लागला, हे विधान. कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, हा १९८४ चा सिद्धांत लोपर ब्राइट निकालाने मोडला. तो निकाल २८ जून २०२४ चा, कारगिलनंतर दोन आठवड्यांनी आलेला. शिवाय कारगिलमध्ये सरकारने शेव्हरॉनचा आधार मागितलाच नव्हता.

व्हॅनडरस्टॉकमध्ये पारडं उलटं फिरलं. अनुक्रमांक नसलेले सुटे भाग किटमध्ये मिळायचे आणि घरी जोडून पिस्तूल तयार व्हायचं. २०२२ च्या नियमाने अशा किटवर अनुक्रमांक आणि विक्रीआधी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं. २६ मार्च २०२५ ला न्या. गोर्सच यांनी ७-२ बहुमताने नियम राखला. १९६८ च्या कायद्यात ‘सहज रूपांतर करता येईल असं शस्त्र’ हे शब्द आधीच आहेत, आणि शर्यतीच्या इशाऱ्याच्या पिस्तुलाचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे अपुरी वस्तूही व्याख्येत येऊ शकते, हे काँग्रेसने स्वतःच मान्य केलेलं. मात्र इथे आव्हान संपूर्ण नियमाला होतं. काही किट तरी नक्की व्याख्येत बसतात, एवढ्यावर ते फेटाळलं गेलं. एखाद्या विशिष्ट किटबद्दल वेगळा खटला पुढे होऊ शकतो. ‘न्यायालयाने सगळी किट शस्त्रं ठरवली’ असं लिहू नकोस.

केंद्राचा नियम पडला तरी राज्यांचे कायदे राहतात. न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याने बंप स्टॉकवर आजही बंदी आहे.

भारताशी तुलना करायची तर शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २ आधी वाच, मग नियम करण्याचा अधिकार देणारं कलम ४४, आणि शेवटी शस्त्र नियम, २०१६. आपल्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा ‘शस्त्र’ म्हणून नोंदली आहे. त्यामुळे किटचा वाद आपल्याकडे तसाच्या तसा उभा राहत नाही. समोरची बाजू हेच बोट ठेवून विचारेल, उत्तर तयार ठेव.

मसुदा झाला की पाठव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या