वाकडी सुरी सुक्या सागावर पारखू नका

संपादक महोदय,

पावसाळ्याआधी वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, कुळागरांतही, म्हणजे पोफळीच्या बागांतही, फणस-आंब्याची छाटणी होते. लाकडी चमचे कोरू पाहणाऱ्यांना ओले लाकूड फुकट मिळण्याचे हेच दिवस. अडते ते सुरीपाशी. चमच्याची वाटी पोखरणारी वाकडी सुरी, म्हणजे हूक नाइफ, गावच्या लोहाराकडून करून घेता येते आणि ती छान चालते. तरीही ‘कापत नाही’ असा शेरा मारून ती कोनाड्यात टाकली जाते. दोष बहुतेक वेळा लोहाराचा नसतो. मागणाऱ्याच्या सांगण्याचा आणि पारखण्याचा असतो.

आपल्याकडे दवल्याची, म्हणजे करवंटीच्या डावाची, वाटी नारळच घडवून देतो, आपण दांडा तेवढा बसवायचा. बहुधा म्हणूनच अशी सुरी लोहाराकडे कोणी फारशी मागितली नसावी. ‘वाकडी सुरी’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर कोयती येते. कोयतीचे पाते मेजावर सपाट पडते, कारण वळण धारेच्या कडेला असते. इथे पट्टीची चपटी बाजूच गोल वळवायची असते. हे तोंडी सांगून भागत नाही. पत्र्याची पट्टी 50 मि.मी.च्या पीव्हीसी पाइपवर वळवून नमुनाच द्यावा. तयार पाते त्याच पाइपवर बसवून उजेडाकडे धरावे. मधे फट दिसता कामा नये. टोकाकडे वळण किंचित आवळलेले चालते, पण मधेच कोपरा पडलेला असेल तर प्रत्येक कापाला चर उठतो.

पोलादासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा उत्तम, फक्त तो ठोकून 2.5 मि.मी.पर्यंत आणायला हवा. लोहचुंबक चिकटेनासे झाले की थोडे आणखी तापवून मग पाणी पाजावे. म्हणायला ‘पाणी’, पण या पोलादाला कोमट तेलच बरे. पाण्यात पातळ पाते तडकते. त्यानंतर साधारण 200 अंश सेल्सिअसला तासभर, फिकट गवती रंग येईपर्यंत, परत शेकावे. हे शेकणे राहिले तर धारेचे तुकडे उडतात, आणि रंग निळ्यावर गेला तर धार लवकर बोथटते. यंत्राच्या सहाणेवर घासताना धार निळी झाली तरी नुकसान तेच. म्हणून दर दोन-तीन घासांनी पाण्यात बुडवावे.

खरी मेख धारेच्या उतारात आहे. उतार फक्त बाहेरच्या, फुगीर बाजूला हवा. आतली बाजू गुळगुळीत हवी. कोन 25 अंशांच्या आसपास. कोनमापक नको, पट्टी पुरे: पाते 2.5 मि.मी. जाड असेल आणि उतार पूर्ण जाडीचा असेल, तर त्याची रुंदी 6 मि.मी.च्या जवळ भरते. 3 मि.मी.च भरली तर कोन 55 अंशांच्या वर गेला. अशी सुरी लाकडावरून नुसती घसरते. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे तर ही सुरी देऊच नये. तो धारेच्या टोकाशी दुसरा उभा उतार पाडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. घरीच गोल दांड्यावर पॉलिशपेपर गुंडाळून आतली बाजू आणि सपाट फळीवर चिकटवून बाहेरचा उतार घासावा: 400, 800, 1200, 2000 नंबरचे कागद या क्रमाने. शेवटी चामड्यावर ओढावी.

आता पारख. सुताराकडचा सुक्या सागाचा तुकडा घेऊन सुरी तपासणे ही तिची फसवणूक आहे. सागात वाळूचाच अंश, सिलिका, असतो; चांगली धारही तिथे बोथटते. ताजी फणसाची, आंब्याची किंवा शिवणीची फांदी घ्यावी, मधोमध फाडून गाभा काढून टाकावा. गाभा राहिला तर चमचा तडकतोच. फणसाच्या सालीचा चीक पात्याला धरतो; गरे काढताना लावतो तसे खोबरेल इथेही लावावे. काजरा (कुचला) आणि कण्हेर विषारी, त्यांचे लाकूड नको. फांदीच्या नादात झाड मात्र तोडू नये. गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली त्याला परवानगी लागते.

पहिले काप तंतूंच्या आडवे, पातळ. उभे कोरायचे ते दोन्ही टोकांकडून मध्याकडे, नाहीतर तंतू उचकटतात. वाटीची जाडी 4-5 मि.मी. राहिली की थांबावे. सुरी अंगाकडे ओढताना अंगठा धारेच्या वाटेत येतो, म्हणून तो वाटीच्या कडेखाली टेकवावा आणि त्यावर चामड्याची टोपी घालावी. कोरलेला चमचा कापडी पिशवीत त्याच्याच भुशात आठ-दहा दिवस ठेवावा. पावसात भुसा रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर खाण्याचे जवसाचे तेल लावावे, रंगाच्या दुकानातले नव्हे; आणि त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

जत्रांतून आणि हस्तकला प्रदर्शनांतून लोहारांना जागा देणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते: त्यांच्या मेजावर फणसाची एक ताजी फांदी ठेवा आणि गिऱ्हाइकाला दोन काप घेऊ द्या.

आपले,
लाकूडकाम करणारे काही वाचक, फोंडा