टोपलीत सामान टाकणाऱ्यांचे आभार

२०२० चा गुढीपाडवा आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस एकच, २५ मार्च. साखरेची गाठी मिळाली नाही, म्हणून आईने दोऱ्याला खडीसाखरेचे खडे बांधले. पेठेतल्या दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक लॅपटॉप. भांडणं किती झाली ते सोडा.

पुढे पेठा सील झाल्या आणि आईचं इन्सुलिन संपत आलं. कुणाच्या तरी ओळखीतून एक मुलगा कोथरूडहून ते घेऊन आला. वाटेत तीनदा अडवला होता म्हणे. ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात. खालूनच ओरडला, "काकू, टोपली सोडा!" तोंडाला रुमाल, चेहरा दिसलाच नाही. पैसे टोपलीतून खाली सोडेपर्यंत गाडी बोळातून गेलीसुद्धा.

आणि रोज कचरा नेणाऱ्या ताई. २२ मार्चला पाच वाजता आम्ही जोरात थाळ्या वाजवल्या, पण हातमोजे आहेत का, हे त्यांना विचारायला आम्हाला मे उजाडला. ताई, त्याबद्दल आभाराआधी माफी.

दादा, पैसे द्यायचेत. डबाही आमच्याकडेच आहे. आईने घासून वेगळा ठेवलाय, त्यात दुसरं काही भरू देत नाही. येऊन घेऊन जा. चहाला थांबा.