पूल पार्लरकडे खेळाची जागा म्हणून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात पूलची, म्हणजे टेबलावर स्टिकनं बॉल पॉकेटात पाडायच्या खेळाची, बातमी कधी येते, तर एखाद्या पार्लरमध्ये हाणामारी झाली किंवा पोलीस आले तेव्हा, बाकी वर्षभर हा खेळ जणू नाहीच. जुलै २०२५ मध्ये जेद्दाहला वर्ल्ड पूल चॅम्पियनशिपची फायनल झाली, फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोनं फेडोर गोर्स्टला १५-१३ असं हरवलं, जिंकणाऱ्याला अडीच लाख डॉलर, म्हणजे आपले दोन कोटींच्या वर. हा बियाडो पूलमध्ये येण्याआधी गोल्फ कोर्सवर कॅडी होता, लोकांच्या बॅगा उचलायचा. ही बातमी स्पोर्ट्सच्या पानावर चार ओळीत जरी लागली असती ना, तर नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कितीतरी पोरांनी ती फोटो काढून एकमेकांना पाठवली असती.

मी नाशिकमध्ये पूल आणि स्नूकरची टेबलं बसवतो, स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) लेव्हल करतो, कापड बदलतो, त्यामुळे कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंतची पार्लर मला आतून माहितीयेत, कोण पोरं येतात, काय खेळतात, किती वेळ थांबतात सगळं बघतो.

आपल्याकडे क्यूच्या (स्टिकच्या) खेळाची परंपरा छोटी नाहीये. स्नूकरचा जन्मच १८७५ ला जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन तोच माणूस. मग मुंबईचे मायकल फरेरा, १९७७, १९८१, १९८३. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचा, २८ जागतिक विजेतेपदं आहेत त्याची. पण ही सगळी बिलियर्ड्स आणि स्नूकरची, पूलचं त्यात एकही नाही. आणि ह्याचं कारण मला तरी सरळ दिसतं. बिलियर्ड्स आपल्याकडे जिमखान्यातून आलं, बारा फुटी टेबल, त्याला मोठी खोली, मेंबरशिप, ड्रेसचे नियम, आत जायलाच ओळख लागायची. पूल आला तो नव्वदच्या पुढे, कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये, तासाचे पैसे द्या आणि खेळा, बाप काय करतो कोणी विचारत नाही. सिडकोतल्या कामगाराच्या पोराच्या हातात स्टिक आली ती फक्त ह्या पार्लरमुळे आली. आणि जिमखान्याचा नाही म्हणून त्याला खेळ कोणी म्हणेना, देशपातळीवरची असोसिएशन पूलच्या नॅशनल्स घेते पण जिल्ह्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, आणि घरचे म्हणतात पोरगं वाया चाललं.

फिलिपिन्समध्ये नेमका हाच वर्ग वर आला. एफ्रेन रेयेस लहानपणी काकाच्या पूल हॉलमध्ये राहायचा, झोपायचा टेबलावरच, उंची पुरत नाही म्हणून कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर उभा राहून शिकला. १९८५ ला अमेरिकेत गेला तेव्हा सीझर मोरालेस असं खोटं नाव लावून खेळला, कारण तेव्हा तिकडे खरा पैसा स्पर्धेत नव्हता, पैजेच्या मॅचमध्ये होता, आणि नाव कळलं की समोर कोणी उभंच राहत नसे. मग १९९६ ला हाँगकाँगमध्ये त्यानं अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडला १२०-११७ असं हरवलं, एक लाख डॉलरची मॅच ती, आणि १९९९ ला कार्डिफमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. आज तिकडच्या कुठल्याही गल्लीत त्याचं नाव घेतलं तर लोक खेळ थांबवून बोलतात असं ऐकलंय, आणि मला ते पटतं.

आता प्रोफेशनल पूल खूप बदललाय. १९९४ ला मोस्कोनी कप सुरू झाला, युरोप विरुद्ध अमेरिका, तिथे पब्लिक ओरडतं, गाणी म्हणतं, खेळाडू रंगीत जर्सीत. शॉटला तीस सेकंद. जुन्या लोकांना हा गोंगाट आवडत नाही, क्यूचा खेळ म्हणजे शांतता पाहिजे असं त्यांचं म्हणणं, मला मात्र तो गोंगाट चांगला वाटतो, कारण तिकीट काढून आलेला माणूस ओरडतो तेव्हा खेळाडूला पैजेवर जगावं लागत नाही. हनोईत २०२३ पासून मोठी ओपन स्पर्धा होते, व्हिएतनामची पोरं घरच्या पब्लिकसमोर जगातल्या टॉपच्या लोकांशी भिडतात. अर्थात सगळं काही गोड नाहीये, स्पर्धा भरवणारी कंपनी आणि जागतिक संघटना ह्यांच्यात मोठं भांडण झालं, कोणत्या स्पर्धेत खेळलं तर बंदी येईल ह्या टेन्शनमध्ये आशियातले खेळाडू अडकले, आणि असं झालं की मरण नेहमी खेळाडूचंच असतं.

पण माझ्या कामाचा मुद्दा वेगळाय, तो म्हणजे टेबल. ह्या मोठ्या स्पर्धांत आता कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड चार इंच ठेवतात. बॉल सव्वादोन इंची. म्हणजे दोन बॉल शेजारी ठेवले तर आत जाणार नाहीत, जरा तिरका गेला की कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) टोकावर खडखडून बाहेर. आपल्याकडच्या बऱ्याच टेबलांची पॉकेटं एवढी ढिली की काहीही मारा, जातं. मालक मला सांगतात पॉकेट मोठंच राहू दे, गिऱ्हाईक खूश राहिलं पाहिजे. त्यांचंही चुकत नाही, भाडं, लाईट बिल, एसी, पोरांचे पगार, तासाच्या पैशातच भागवायचं असतं. पण अशा टेबलावर दोन वर्षं खेळलेला पोरगा बाहेरच्या टाइट टेबलावर गेला की पहिल्या अर्ध्या तासात खचतो, असे मी बघितलेत, डोळ्यात पाणी आलेलं बघितलंय. कापडाचं तसंच, पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट, कापड ओलावा धरतं, बॉल जड चालतो, त्यात ते कापड वर्षानुवर्षं बदललेलं नसतं, ब्रेकच्या (पहिल्या फटक्याच्या) जागी घासून पांढरं पडलेलं, मग स्पीडचा अंदाज येणार कुठून?

आणि सगळीकडे पूलचा एट-बॉल हाच एक प्रकार. नाइन-बॉल कोणी लावतच नाही, जो आज प्रोफेशनल पूलचा मुख्य खेळ आहे. त्यात टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागलं पाहिजे, आणि नियम पाळून नऊ नंबरचा बॉल पाडला की रॅक, म्हणजे तो डाव, तुमचा. एक बॉल पॉकेटात टाकला की पुढच्यासाठी पांढरा बॉल कुठे थांबवायचा ह्यातच सगळा खेळ आहे. पोरांना एकदा ती चटक लागली ना की नुसतं जोरात मारणं आपोआप बंद होतं, हे मी एका पार्लरमध्ये स्वतः बघितलंय, मालकानं एक टेबल फक्त नाइन-बॉलला ठेवलं आणि महिनाभरात तिथला आवाज बदलला, शिव्या कमी, शॉटवर चर्चा जास्त.

पैजा लागतात का, तर लागतात, मी खोटं बोलणार नाही. हरला तो टेबलाचे पैसे देणार इथपासून सुरुवात होते आणि काही ठिकाणी पुढे जाते. पण धाड टाकून ते थांबत नाही, पोरं दुसऱ्या पार्लरला जातात. अमेरिकेतही जाहीर बक्षीस असलेल्या स्पर्धा वाढल्या तेव्हाच खेळाडूला पैजेशिवाय जगता यायला लागलं. आपल्याकडे दर महिन्याला एखादी छोटी स्पर्धा, ठरलेली एंट्री, भिंतीवर लावलेला ड्रॉ, बक्षीस सगळ्यांसमोर, एवढं जरी झालं तरी चांगल्या खेळणाऱ्या पोराला लपूनछपून खेळायची गरज उरत नाही.

मुलींचं तर बोलायलाच नको. इंदूरची अमी कमानी स्नूकरमध्ये देशासाठी खेळते, इंदूर आपल्यापासून काही लांब नाही. आपल्याकडे पार्लरच्या दारात मुलगी उभी राहिली की सगळे वळून बघतात, मग ती परत कशाला येईल? दुपारी पार्लर रिकामीच असतात, ते दोन तास मुलींना आणि शाळेच्या पोरांना पालकांसोबत यायला ठेवले तर मालकाचं नुकसान काहीच नाही.

नाशिकनं धावपटू कविता राऊत दिली, नौकानयनातला दत्तू भोकनळ दिला, बुद्धिबळातला विदित गुजराथी दिला. तिघांचे खेळही क्रिकेट नव्हते आणि तिघांना ह्या शहरानं डोक्यावर घेतलं. म्हणून आपल्याला विनंती, पार्लरमध्ये स्पर्धा झाली की निकाल छापा, नुसती नावं आणि स्कोअर छापले तरी चालेल, ती कात्रणं घरी दाखवता येतात. आणि पार्लर मालकांनाही ह्याच पत्रातून सांगतो, जो कोणी शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी नाइन-बॉलची स्पर्धा घेईल त्याचं एक टेबल मी मजुरी न घेता लेव्हल करून, पॉकेट टाइट करून देईन, फक्त कापड आणि रबर तुमचं. पावसाळा संपल्यावर करू, तेव्हा कापड नीट ताणलं जातं.

आपला,
एक टेबल फिटर
सिडको, नाशिक